पहिल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणू नये

आमच्या भावजींचं राजकारण कसं सुरू झालं, असं लोक मला विचारतात. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते आमदार झाले तेव्हा पेपरात त्यांच्याविषयी पुष्कळ छापून आलं. तळागाळातलं नेतृत्व, दूरदृष्टी, असलं काय काय. ते वाचून मला प्रश्न पडला की हे नक्की कुणाविषयी लिहिलंय. मी ओळखते तो माणूस ताडपत्री विकायचा, आणि अजूनही कुणी म्हटलं की आभाळ भरून आलंय, तर त्याचे डोळे चमकतात. तेव्हा म्हटलं, आपणच लिहावं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन दुकानातल्या रद्दीवर झालं. त्यामुळे वाक्य लांबलं तर लांबलं, तुम्ही मध्येच दम घ्या.

आमचं गाव मनमाडच्या अलीकडे. आमचे हे मनमाडला रेल्वेत होते, त्यामुळे घरचं दुकान धाकट्यांकडे आलं. ताडपत्र्या, दोरखंड, सुतळी आणि कांद्याच्या गोण्या. हे गेल्यावर मीही दुपारी गल्ल्यावर बसायला लागले. भावजींना जेवून तासभर आडवं व्हायला लागतं, आणि त्या तासात जगातली सगळी गिऱ्हाइकं येतात.

दुकानाचा नियम माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेला होता. बोहनीचं गिऱ्हाईक, म्हणजे दिवसातलं पहिलं, रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही. ते म्हणेल त्या भावात द्यायचं, पण द्यायचं. पहिलं गिऱ्हाईक पायरी उतरून रिकामं गेलं की दिवस गेला. हा नियम सगळे दुकानदार पाळतात, यात नवल काही नाही. पण आमच्याकडे त्याला पुरावा होता. मामंजींनी आयुष्यात एकदाच पहिलं गिऱ्हाईक परत पाठवलं. ते गिऱ्हाईक दोन हात सुतळी मागत होतं, आणि मामंजी म्हणाले की दोन हात सुतळीसाठी मी अख्खा बिंडा सोडत नाही. त्याच दुपारी वादळ आलं नि आमच्याच दुकानाचे पत्रे उडाले. आत शंभरएक ताडपत्र्या घड्या घालून ठेवलेल्या, आणि वर पाऊस. एकही घडी वेळेत उलगडता आली नाही, कारण ज्या दोरीने त्या बांधल्या होत्या ती भावजींनी स्वतः बांधली होती आणि त्यांची गाठ कुणाला सुटत नाही. ताडपत्रीवाल्याचं दुकान भिजलं म्हणून गाव पुढे कित्येक वर्षं हसलं. तेव्हा भावजी पंधरा-सोळा वर्षांचे असतील. त्यांच्या मनावर तो परिणाम कायमचा झाला.

त्यांचं लग्नसुद्धा तसंच ठरलं. एका सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर एक गृहस्थ उभे. भावजींनी विचारलं, काय देऊ? गृहस्थ म्हणाले, माल नको, माझी मुलगी लग्नाची आहे, तुमच्याविषयी ऐकून आलोय. भावजी घरी येऊन म्हणाले, वहिनी, नाही म्हणता येत नाही, बोहनीचे होते. नशीब की मुलगी चांगली निघाली. तीच माझी धाकटी जाऊ. तिला हे लग्नानंतर वर्षभराने कळलं, तेव्हा तिने आठवडाभर भाजीत मीठ घातलं नाही.

राजकारणात ते आले ते एका गटारीमुळे. आमच्या गल्लीत नगरपरिषदेने नवी गटार बांधली. ठेकेदाराने जेवढी लांबी सांगितली तेवढी ती भावजींच्या डोळ्यांना दिसेना. दोरखंड विकणाऱ्या माणसाच्या हातात माप असतं. दोन्ही हात पसरले की एक वाव. ते दुकानातून तसेच उठले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात पसरत, दोर सोडत गटार मोजत गेले. मागे सगळी गल्ली, एक, दोन, तीन म्हणत. गटार चौदा वाव कमी भरली. ठेकेदार म्हणाला, हाताने कुठे मोजतात का? भावजी म्हणाले, तुम्ही तोंडाने मोजली, त्यापेक्षा बरं. झालं. पुढच्या निवडणुकीला लोकांनी त्यांना उभं केलं, निवडून दिलं, आणि त्याच्या पुढच्या खेपेला नगराध्यक्षही केलं. ह्या माणसाने भाषण असं कधी केलं नाही. सभेत उभे राहायचे आणि हात पसरून दाखवायचे. लोक टाळ्या वाजवायचे.

नगराध्यक्ष झाल्यावर सकाळी घरी माणसं यायला लागली. आणि इथे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही. भावजी अंघोळ-पूजा करून, गंध लावून पुढच्या खोलीत बसायचे, अगदी दुकानात बसल्यासारखे, मांडी घालून. पहिला माणूस आला की त्यांचा चेहरा बदलायचा. तो जे मागेल त्याला हो. दुसऱ्यापासून पुढे मात्र कागद बघू, नियमात बसतं का बघू, उद्या या.

महिन्याभरात गावाला हे कळलं. गाव म्हणजे काय, जिथे आपल्याला कळायच्या आधी आपलं सगळ्यांना कळतं ते. एकाने पहिलं येऊन घरासमोर दिवा मागितला. मिळाला. तो नेमका त्याच्या खिडकीतून आत पडायला लागला, झोप लागेना. आठवड्याने तो हलवून मागायला आला, पण त्या दिवशी चौथा होता. तो दिवा अजून तिथेच आहे. एका मास्तरांना हरसूलकडच्या शाळेतून बदली हवी होती, तर त्यांना आमच्या गावच्या जागेसाठी शिफारसपत्र मिळालं. दुसऱ्या दिवशी पहिल्या आलेल्या बाईंना त्याच जागेसाठी तसंच पत्र मिळालं. एकदा चुकून सकाळी पहिला आला तो गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा. तो दारावरून नुसता ओरडत चालला होता. भावजींनी बोलावून आमची शेगडी दुरुस्त करून घेतली. तिला काही झालं नव्हतं. दुरुस्तीनंतर झालं.

मग रांग लागायला लागली. उजाडायच्या आत येऊन लोक ओट्यावर चपला काढून ठेवायचे नि घरी जाऊन परत झोपायचे. रेशनच्या दुकानासमोर ठेवतात तसं. चपलेचा नंबर तो माणसाचा नंबर. एकदा कुत्र्याने पहिल्या नंबराची एक चप्पल पळवली, तेव्हा एका चपलेवर नंबर धरायचा की नाही, यावर ओट्यावर मोठं भांडण झालं. भावजींनी निकाल दिला की नंबर धरायचा, पण माणूस लंगडत आला पाहिजे. तो बिचारा लंगडत आलाही. दूधवाल्याला आम्ही मागच्या दाराने यायला सांगितलं, कारण एकदा तो पुढून आला आणि लिटरमागे भाव वाढवून घेऊन गेला.

मी भावजींना सांगून पाहिलं. म्हटलं, दुकान वेगळं, नगरपरिषद वेगळी. दुकानात माल आपला असतो. इथे तुम्ही कुणाचा माल देताय? ते म्हणाले, वहिनी, सगळं पटतं हो तुमचं, पण पत्रे उडाले तर? मी म्हटलं, नगरपरिषदेला स्लॅब आहे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

असं सगळं चाललं असताना विधानसभेची निवडणूक आली आणि भावजींना तिकीट मिळालं. आता हे मी गमतीने सांगत असले तरी एक गोष्ट गंभीरपणे सांगते. भावजींना आमदार व्हायचं होतं. मनापासून. आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बायका बसतात, ते बघून ते म्हणायचे की हे पाणी मी एकदा हाताने मोजणार आहे, धरणापासून नळापर्यंत. त्यांचं वयही साठीच्या पुढे गेलेलं. पुन्हा तिकीट मिळेल असं कुणी सांगावं? हीच एक संधी.

समोर उभे होते आमच्या चौकातले खतवाले. खतं, बियाणं, औषधं असं त्यांचं मोठं दुकान. भावजींचे लहानपणचे मित्र. एकाच वर्गात, एकाच बाकावर, एकाच विषयात नापास झालेले. त्यांचा अर्ज आधीच भरून झाला होता. भावजींनी शेवटच्या दिवसाचा मुहूर्त धरला, कारण आमच्या भटजींना त्याआधी वेळ नव्हता. दुपारी तीनच्या आत अर्ज द्यायचा. अकराला मिरवणुकीने निघायचं ठरलं. सजवलेला ट्रॅक्टर दारात, बँडवाले ओट्यावर चहा पीत, आणि पंधरा-वीस चपला नेहमीसारख्या रांगेत.

पहिली चप्पल होती एका शेतकऱ्याची. तो चपला ठेवून चौकात नाश्त्याला गेला. भावजी गंध लावून बसले, मी आणि जाऊ आतल्या दारात उभ्या. आणि आत आले ते खतवाले. पायात टाचा फाटलेल्या, मातीने माखलेल्या, त्यांच्या पायाला दोन बोटं लहान अशा चपला. ओट्यावरच्या लोकांनी आरडाओरड केली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले की चपला मी विकत घेतल्या, एका युरियाच्या गोणीवर. ज्याच्या चपला त्याचा नंबर, हा तुमचाच कायदा.

भावजींचा चेहरा पडला. तरी म्हणाले, "बोल. काय देऊ?"

खतवाले समोर बसले. घाई अजिबात केली नाही. म्हणाले, "एकच मागणं आहे. आज अर्ज भरू नको."

बाहेर बँडवाल्यांपैकी कुणीतरी नुकतंच क्लॅरिनेट तोंडाला लावलं होतं, त्याचा एक सूर निघाला नि थांबला.

"दुसरं काही माग ना," भावजी म्हणाले. "नळ माग. गटार माग."

"नळ, गटार, दिवा, सगळं आहे मला. तूच दिलंयस."

मला वाटलं आता तरी हा माणूस उठेल आणि हाताला धरून त्यांना बाहेर काढेल. भावजींनी गंधाची वाटी उगाच इकडची तिकडे सरकवली. मग म्हणाले, "बरं." एवढंच. खतवाले उठले, मला नमस्कार केला, चपला लागत होत्या म्हणून जरा जपून पायऱ्या उतरले आणि गेले.

पुढची दहा मिनिटं घरात काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. कार्यकर्ते डोक्याला हात लावून बसले. एकजण रडला. माझी जाऊ आत जाऊन कांदा चिरायला लागली. मी भावजींना म्हटलं, अहो, हा बोहनीचा गैरफायदा आहे. ते म्हणाले, "गैरफायदा असो नाहीतर काही असो. शब्द दुकानातून गेला, वहिनी. आता तो त्याच्याकडे आहे."

हे वाक्य त्यांनी म्हटलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. शब्द त्याच्याकडे आहे. म्हणजे दुकानात आहे. आणि दुकान अजून उघडलेलं नाही. खतवाले किल्ली कुणाला देत नाहीत, मुलालाही नाही, हे गावाला माहीत. सकाळपासून तर ते चपलांच्या सौद्यात नि आमच्या घरी होते, आणि ती युरियाची गोणीही दुकान उघडल्यावरच द्यायची. म्हणजे त्यांची आजची बोहनी व्हायचीच होती.

मी कुणाला काही सांगितलं नाही. बाहेर आले तर माझ्या चपला सापडेनात, कारण त्याही कुणी रांगेतल्या समजून पुढे सरकवलेल्या. हाताला लागल्या त्या घातल्या. एक माझी, एक बँडवाल्याची. माझे गुडघे तेव्हाही असेच दुखरे होते, पण त्या दिवशी त्यांनी मला चौकापर्यंत नेलं. वाटेत लोक विचारत होते, वहिनी कुठे? मी म्हणत होते, बी आणायला.

दुकानाचं शटर खाली. पायरीवर एक शेतकरी कांद्याच्या बियाण्यासाठी थांबलेला. मी त्याला म्हटलं, भाऊ, मला आधी होऊ दे. तो मला ओळखत होता. म्हणाला, "व्हा की. पण उद्या तुमच्या घरी आपला पयला नंबर. चपला ठेवायला यायचा नाय मी." मी म्हटलं, दिला. काय करणार, माणूस एकदा ह्या धंद्यात पडला की पडत जातो.

पाच मिनिटांनी खतवाले आले. घरी जाऊन स्वतःच्या चपला घालून आले होते. खुशीत होते. शटर वर केलं, फोटोला हार घातला, उदबत्ती फिरवली, गल्ल्याला हात लावून डोळ्यांना लावला, आणि वळले तर काउंटरपाशी मी.

त्यांना लगेच कळलं. माणूस हुशार. ते माझ्या खांद्यावरून त्या शेतकऱ्याला म्हणाले, "हं, तुला काय पाहिजे रे?"

"मी मागनं आलोय," तो म्हणाला. "आधी वहिनी हायेत."

खतवाल्यांनी एक मोठा श्वास घेतला. "काय देऊ, वहिनी?"

"सकाळी आमच्या घरून एक शब्द आणलात, तो द्या."

"तो विकायला नाही."

"दुकानात आहे तो सगळा माल विकायला असतो," मी म्हटलं. "नसेल द्यायचा तर तसं सांगा, मी जाते." आणि मी खरोखर वळले. एक पाऊल पायरीवर ठेवलं. दिवस कांद्याचं बी घ्यायचे होते, सगळ्या हंगामाचा धंदा ह्या चार आठवड्यांत. मी दुसरं पाऊल अगदी सावकाश उचललं. गुडघ्यांमुळे ते तसंही सावकाशच उचललं जातं, पण त्यांना वाटलं की मी मुद्दाम करतेय.

"थांबा," ते म्हणाले.

मी थांबले.

मग आमची घासाघीस सुरू झाली. मी म्हटलं, अकरा रुपये देते. ते म्हणाले, वहिनी, लाज वाटू द्या, आमदारकी आहे. मी म्हटलं, बोहनीला भाव गिऱ्हाइकाचा. ते म्हणाले, मान्य, पण पैशाने घेतलेली वस्तू पैशाने द्यावी, शब्दाने घेतलेली शब्दाने. हे मला पटलं. पटायला नको होतं, पण धंद्याचं बोललं की मला पटतं. विचारलं, कसला शब्द पाहिजे?

ते काउंटरवर वाकले आणि हळूच म्हणाले, "तुमचं मत मला."

"माझं?"

"तुमचं स्वतःचं. एकच. बाकी गावाला तुम्ही त्याचाच प्रचार करा, माझी ना नाही."

मी शेतकऱ्याकडे बघितलं. तो बियाण्याच्या पाकिटावरचं चित्र बघत होता. बाहेर कुणाच्यातरी घड्याळात बारा वाजले. एका मताने काय होतंय, असं माझ्या मनात आलं, आणि दुसऱ्याच क्षणी असं आलं की एका मताने पडलेली माणसं मी पाहिली आहेत. पण अर्जच भरला नाही तर मतांचा प्रश्नच येत नाही. म्हटलं, दिलं.

मी पावती मागितली. हो, भावजी नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवणारे नाहीत, आणि ठेवला असता तरी मी ठेवला नसता. खतवाल्यांनी बिलबुक काढलं. मालाचं नाव: शब्द. नग: एक. खाली सही, शिक्का. किमतीच्या जागी त्यांनी नुसती रेघ मारली, तेवढी मात्र माणुसकी दाखवली. आणि अगदी तळाला छापलेलं होतंच, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

घरी आले तर बँडवाले निघायच्या तयारीत. एकजण माझ्या पायाकडे बोट दाखवत उभा, कारण ती चप्पल त्याची. भावजी अजून तिथेच मांडी घालून बसलेले. मी बिल त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते तीनदा वाचलं, उजेडात धरून शिक्का बघितला, आणि तळाची ओळ वाचल्यावर मात्र त्यांच्या जिवात जीव आला.

"किंमत काय दिलीत, वहिनी?"

"ते माझं मी बघेन. तुम्ही उठा."

ते असे उठले की गंधाची वाटी उलटली. ट्रॅक्टर, बँड, कार्यकर्ते, रडलेला माणूस आता हसत, सगळे तहसील कचेरीत पोहोचले. अर्ज वेळेत गेला. भटजींचा मुहूर्त कधीच टळून गेला होता, पण त्याविषयी कुणी बोललं नाही.

पुढचे दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी बायकांना घरोघर जाऊन सांगायचे, एकेक मत मोलाचं आहे बरं का. आणि सांगताना आतून काहीतरी टोचायचं. देवाला सांगितलं, बाबा, मी दिलेला शब्द मोडत नाही, तेव्हा तूच बघ. जास्त मागत नाही. दोनच मतं जास्तीची टाक. एक माझं भरून काढायला आणि एक वर.

मतदानाच्या दिवशी मी नवं लुगडं नेसून गेले. बोटाला शाई लागली. त्या पेटीसमोर उभी राहिले आणि भावजींचं चिन्ह दिसलं, तर माझा हात आपोआप तिकडे जायला लागला. दुसऱ्या हाताने तो धरून खतवाल्यांच्या बटणापाशी नेला. पेटीने केवढा तरी लांब आवाज केला. मला वाटलं सगळ्या शाळेला ऐकू गेलं. काचेआड चिठ्ठी दिसली, ती खाली पडेपर्यंत मी पदराने काच झाकून उभी राहिले. आतल्या बाई म्हणाल्या, आजी, बरं वाटत नाही का? म्हटलं, गुडघे दुखताहेत.

बाहेर लांब, जिथपर्यंत उमेदवाराला उभं राहता येतं तिथे, भावजी हात जोडून उभे होते. मला बघून त्यांनी नुसती भुवई वर केली. मी मान हलवली. मान कशासाठीही हलवता येते.

ते निवडून आले. बऱ्यापैकी मतांनी आले, देवाने मी मागितलं त्यापेक्षा पुष्कळ दिलं. निकालाच्या संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गुलालाने सगळे सारखे दिसत होते. तेवढ्यात खतवाले आले, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी भावजींना मिठी मारली, पेढा भरवला आणि मोठ्याने म्हणाले, "हरलो ते ठीक आहे. पण तुझ्या घरातलं एक मत माझं होतं, विसरू नको."

सगळी खोली हसली. माझ्या हातातलं पेढ्यांचं ताट थोडं कललं. भावजी सगळ्यात जोरात हसले आणि बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, "ही असणार. हिला आमदारीण व्हायचंच नव्हतं." पुन्हा सगळे हसले. माझी जाऊ लालबुंद झाली नि आत निघून गेली.

मला फार वाईट वाटलं. केलं मी आणि बोल लागला तिला. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. ती ओट्याशी पाठमोरी उभी, चहाचं आधण ठेवलेलं. म्हटलं, मनावर घेऊ नकोस, गंमत केली त्यांनी. आता हिला तरी सगळं खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तोच ती न वळता म्हणाली, "ताई, त्यांना कळलं कसं?"

"काय कळलं?"

"माझं मत." मग पातेल्यात बघत म्हणाली, "हे म्हणत होते, निवडून आलो की नाशिकला गंगापूर रोडला फ्लॅट घेऊ. मला नव्हतं जायचं. इथे गच्ची आहे. तिथे मी पापड कुठे वाळत घालू?"

मी देवाकडे दोनच मतं मागितली होती. त्याने मनावर घेतलं असतं आणि मोजून दिली असती, तर एक माझ्यात गेलं असतं, वरचं हिच्यात, आणि भावजींच्या हाताला काही उरलं नसतं. बाहेरून भावजींची हाक आली, वहिनी, तीस कप. मी डबा काढून साखर घालायला लागले. म्हटलं, पापडांचं बघू आपण काहीतरी.